थ्रीडी चित्रांवरून घराचं काम: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि मुख्य तक्रार जाडीची

फ्रिजचा कोनाडा बांधून झाला, टाइल लागली. फ्रिज आत गेला, पण भाजीचा ड्रॉवर बाहेर येईना. बाजूला भिंत आली की दार काटकोनाच्या पुढे उघडत नाही आणि ड्रॉवर दाराच्या आतल्या कडेला अडकतो. इंटिरियरवाल्याच्या रेंडरमध्ये, म्हणजे संगणकावर काढलेल्या थ्रीडी चित्रात, हाच फ्रिज ऐसपैस बसला होता. प्रत्येक व्ह्यूचे वेगळे पैसे घेऊन एवढं माप सांभाळलं जात नसेल, तर मॉडेल घरीच काढलेलं बरं. म्हणून हा रिव्ह्यू थ्रीडी चित्रांवरून घराचं काम करण्याचा आहे, आणि त्यात स्वीट होम थ्रीडी या घराचा नकाशा आणि मॉडेल काढायच्या संगणक प्रोग्रामबद्दल जास्त. ते फुकट आहे, ऑफलाइन चालतं, हे सगळ्यांना ठाऊक आहेच.

गोची कुठे होते ते बघा. चित्रात कोनाडा 750 मिमी, फ्रिज 680. म्हणजे जवळजवळ पावणेतीन इंच मोकळे. पण हे 750 विटेपासून विटेपर्यंतचं माप. त्यावर गिलावा 12 ते 15 मिमी, अ‍ॅडहेसिव्ह 3 ते 5, टाइल 8 ते 10. एका बाजूला 23 ते 30, दोन्ही बाजूंना मिळून 46 ते 60. उरले 695 च्या आसपास, म्हणजे फ्रिजला दोन्हीकडून मिळून जेमतेम पाच सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). गवंडी सिमेंटच्या मालाच्या जाड थरावर टाइल लावणारा असेल तर तेही नाहीत. कंपनीच्या पुस्तिकेत हवा खेळायला जी जागा सोडायला सांगतात, ती तर आधीच गेली. विचारलं की उत्तर ठरलेलं: साइटवर अ‍ॅडजस्ट होईल. टाइल लागल्यावर अ‍ॅडजस्ट फक्त फ्रिज होतो, म्हणजे लहान घ्यावा लागतो.

हीच जाडी सगळीकडे चावते. एल आकाराच्या ओट्याखाली दोन्ही बाजूंच्या ट्रॉल्या चित्रात कोपऱ्यात एकमेकींना चिकटून छान दिसतात. प्रत्यक्षात हँडल 30-35 मिमी पुढे येतं आणि एक ट्रॉली उघडली की दुसरीच्या हँडलवर आपटते. कोपऱ्यात निदान 50 मिमीची फिलर पट्टी हवी, ती रेंडरमध्ये क्वचितच असते. ट्रॉली ज्यावर सरकते त्या टेलिस्कोपिक चॅनेलला प्रत्येक बाजूला अर्धा इंच लागतो, वर 18 मिमी प्लाय आणि 1 मिमी लॅमिनेट. 450 च्या खणात 450 ची ट्रॉली कधीच बसत नाही.

स्वीट होम थ्रीडीत हे सांभाळता येतं, पण सेटिंग आधी बदलावं लागतं. नव्या भिंतीची मूळ जाडी साडेसात सेंमी आणि उंची अडीच मीटर असते. आपल्याकडे साडेचार इंची विटेची भिंत दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासकट 14-15 सेंमी होते, नऊ इंची भिंत साधारण 26. जिथे टाइल लागणार तिथे त्या बाजूचे 12-15 मिमी आणखी धरा. दुसरी गोष्ट, भिंत मधल्या रेषेवरून मोजली जाते. खोली आतून 3000 मिमी हवी आणि दोन्हीकडच्या भिंती 150 च्या असतील, तर लांबी 3150 द्यावी लागते. भिंत काढताना एंटर दाबलं की लांबी आणि कोन टाइप करता येतात, माउसने ओढत बसू नका. शेवटी डायमेन्शन लाइन आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत टाकून खात्री करा. सुताराला द्यायचं माप तेच.

मॅग्नेटिझमची खूण प्रेफरन्समधून काढून टाका. ती असली की भिंत 15 अंशांच्या पटीतल्या कोनाकडे ओढली जाते आणि सगळे कोपरे आपोआप काटकोनात येतात. जुन्या इमारतीत असे कोपरे नसतात. दहा फुटांच्या भिंतीत एका अंशाचा फरक म्हणजे टोकाला दोन इंच. ओट्याचा ग्रॅनाइट सरळ कापून आणला की मागे पाचरीसारखी फट पडते, आणि ती मग पांढऱ्या सिमेंटने भरतात. गुण्या छोटा असतो, लांब भिंतीवर तो पुरत नाही. दोन्ही कर्ण मोजा. 3000 बाय 2400 च्या खोलीत कर्ण 3842 यायला हवा. दोन कर्णांत 40 मिमीचा फरक निघाला, तर खोली 3000 च्या बाजूला सव्वा इंच वाकडी आहे. भिंत ओळंब्यात आहे का हेही बघा: खाली, कमरेला आणि छताजवळ, तीन ठिकाणी रुंदी घ्या आणि सगळ्यात कमी आकडा मॉडेलमध्ये टाका.

आता एक मत बदललं आहे ते सांगतो. प्रोग्राममधली मॉडेलचा फोटो काढायची सोय ही नुसती शोभा, असं सुरुवातीला वाटत होतं. संगणक तापतो, वेळ जातो. पण फोटोच्या वरच्या दोन दर्जांत तारीख आणि वेळ देता येते. नकाशावरच्या होकायंत्रात उत्तर दिशा आणि गावाचे अक्षांश-रेखांश भरले (पुण्यासाठी 18.52 आणि 73.86) की ऊन खरोखर कुठे पडेल ते दिसतं. पश्चिमेच्या खिडकीशी शेगडी ठेवायची की नाही, हे मे महिन्यातल्या दुपारी साडेचारच्या चित्रावरून ठरवता येतं. आणखी एक उपयोग उत्तरेच्या खिडकीचा. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणून उत्तरेला ऊन येतच नाही हे गृहीत धरू नका. डिसेंबरात उलट. दुपारी सूर्य दक्षिणेला 48 अंशांवर असतो आणि छज्जा नसलेल्या, जमिनीपासून सात फूट उंच गेलेल्या दक्षिणेच्या खिडकीतून ऊन सहा फूट आत येतं. सोफ्याचं कापड विटतं ते इथे.

टाइलचं चित्र आयात करताना रुंदी-उंची विचारली जाते. तिथे अंदाजे आकडा टाकला की सगळा उपयोग गेला. 600 बाय 1200 ची टाइल आणि 2 मिमीचा सांधा असेल, तर चित्राला एका उभ्या आणि एका आडव्या कडेला सांध्याची रेघ काढून माप 60.2 बाय 120.2 सेंमी द्या. मग न्हाणीघराच्या दाराशेजारी दोन इंचांची कातरण येते का, ते विकत घेण्याआधीच कळतं. येत असेल तर सुरुवातीची टाइल अर्धी सरकवा, दोन्हीकडे मोठे तुकडे येतील.

तयार फर्निचर परदेशी धाटणीचं आहे. देवघर, माळा, सिलिंडरची ट्रॉली यांसाठी कपाटाची मापं बदलून काम भागतं. व्हर्च्युअल व्हिजिटमध्ये, म्हणजे मॉडेलमध्ये आतून फिरून बघताना, डोळ्यांची उंची स्वयंपाक करणाऱ्या माणसाची ठेवा, वरच्या कपाटाचा कोपरा कपाळाशी येतो का ते लगेच दिसतं. रंग मात्र स्क्रीनवरून ठरवू नका. छोटा डबा आणून दोन फुटांचा चौकोन दोन हात रंगवून बघा.

जमिनीची जाडी कुठल्याच चित्रात दिसत नाही. जुन्या फरशीवर नवी टाइल बसवली की जमीन 12 ते 15 मिमी वर येते आणि आत उघडणारी सगळी दारं खाली घासतात. न्हाणीघराचा उंबरा तेवढाच बुटका होतो आणि पाणी बाहेर यायला लागतं. फ्लॅटभर दारं किती आणि कुठल्या बाजूला उघडतात, याची खूण प्लॅनवर करून प्रिंट सुताराला द्या. जुनी दारं टाइल लागण्याआधीच खालून रंधून घ्यायला सांगा. नवी दारं करायची असतील, तर उंची तयार जमिनीपासून धरून लिहा, आजच्या फरशीपासून नाही.