माजाचा पट्टा, धारेचं मशीन आणि पोटातलं चुंबक

पावसाळ्याच्या आधीपासून आमच्या एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) गाईंच्या गळ्यात माज, म्हणजे गाय गाभण राहायला तयार असल्याचा काळ, ओळखणारे पट्टे आहेत. आता थंडी सरत आली, तेव्हा बोलायला हरकत नाही. पट्ट्यात हालचाल मोजणारा सेन्सर असतो. गाय नेहमीपेक्षा जास्त फिरली, रवंथ कमी झालं, की मोबाइलवर सूचना येते. माजाचं चक्र साधारण 21 दिवसांचं, पण गाय दुसरीला अंगावर चढू देते ते मोजकेच तास, तेही बऱ्याचदा रात्री. मुका माज, म्हणजे बाहेरून लक्षण न दाखवणारा, तर दिवसाही कळत नाही. पट्ट्याचे पैसे इथे वसूल होतात. पहाटे सूचना दिसली की उठून सोट (माजात गळणारा चिकट स्राव) बघायचा आणि संध्याकाळी कृत्रिम रेतन. नुसत्या सूचनेवर मात्र डॉक्टरांना फोन लावू नका. गोठ्यात नवी गाय आली की ढकलाढकली होते, आणि पट्टा सगळ्यांनाच माजावर आणतो!

तक्रार एकच. वीज गेली की पट्ट्यांचे संदेश पकडणारा रिसीव्हर बंद, आणि त्याला लागणाऱ्या इन्व्हर्टरबद्दल विकताना कुणी चकार शब्द काढला नाही.

धारेचं बादलीवालं मशीन चांगलंच. पण दुकानदार सांगतो तसे लायनर (सडांवर बसणाऱ्या रबरी नळ्या) वर्षभर चालत नाहीत. साधारण 2500 धारांना ते बदलायचे असतात. दहा गाई, दोन वेळा, एकच क्लस्टर (एका गाईला लावायचा लायनरचा संच), म्हणजे चार महिन्यांत काम संपलं. लायनर काढून बॅटरीच्या उजेडात आतून उलटा करा आणि बोटांत दुमडा. बारीक चिरा दिसतील. दुधाचा थर त्यातच बसतो, धुऊन निघत नाही, आणि मग दगडीला, म्हणजे कासेच्या सुजेला, आमंत्रण.

नोंदींची अ‍ॅप बरीच टाकली आणि काढली. शेणाने भरलेल्या हातांनी टाइप कोण करणार? आता गाईच्या कानातल्या पिवळ्या टॅगवरच्या 12 अंकांचा फोटो आणि सोबत बोललेला निरोप, घरच्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. तारीख आपोआप पडते. माझ्या मते यापेक्षा चांगलं सॉफ्टवेअर गोठ्याला लागत नाही.

थोडी गंमत. 2008 साली जर्मन-चेक संशोधकांनी गूगल अर्थवरची चित्रं बघून सांगितलं, की चरणाऱ्या गाई पृथ्वीच्या चुंबकत्वाला धरून बहुतेक उत्तर-दक्षिण उभ्या राहतात. 2011 मध्ये दुसऱ्या चमूला तशाच चित्रांत काही सापडलं नाही. आमच्या मुक्त गोठ्यातल्या गाई गव्हाणीच्या दिशेने उभ्या राहतात.

पोटातल्या चुंबकाची गोष्ट मात्र खरी. गाय वैरण फारशी न चावताच गिळते, त्यातून तार-खिळा पोटाच्या जाळीदार कप्प्यात जातो. हृदय तिथून अगदी जवळ, पुढे टोचला तर गाय जाते. म्हणून बोटाएवढं गुळगुळीत चुंबक डॉक्टरांकडून गिळवतात. ते तिथेच राहतं आणि लोखंड धरून ठेवतं. कुट्टीत बाइंडिंगची तार येत असेल तर हे आधी करा, पट्टा नंतर. चुंबक जागेवर आहे का, हे साध्या होकायंत्राने कळतं. पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागे धरलं की सुई फिरते.