फॉरमॅट न मारता मशीन नीट करून देणारं अशोक चौकाकडचं दुकान

मी सैफुलला राहते, घरातूनच डीटीपीचं काम करते, लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, दुकानांची बिलबुकं असलं सगळं. सोलापूर म्हटल्यावर मराठी, कन्नड, तेलुगू तिन्हीतलं काम येतं, आणि जुनी गिऱ्हाईकं थोरल्या पोराची पत्रिका काढून "हीच ठेवा, नाव-तारीख बदला फक्त" म्हणतात, त्यामुळे माझ्या मशीनमध्ये बारा-तेरा वर्षांच्या फाईली आहेत आणि त्यातल्या बहुतेक जुन्या नॉन युनिकोड फॉन्टमधल्या. तो फॉन्ट मशीनमध्ये नसला की अख्खी पत्रिका गिचमिड दिसते, कुलदैवताचं नाव पण वाचता येत नाही. हे आधी सांगतेय कारण फॉरमॅट, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकणं, हे दोन तासांचं काम असं दुकानदार म्हणतात ते त्यांच्या बाजूने खरं असेल, पण माझ्या बाजूने फॉरमॅट म्हणजे तीन भाषांचे फॉन्ट, डोंगलचा (सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावावी लागते ती किल्ली) ड्रायव्हर, कोरल (पत्रिका डिझाईन करायचं सॉफ्टवेअर), दोन प्रिंटर, स्कॅनर, सगळं परत बसवणं, आणि ऐन लग्नसराईत तेवढे दिवस काम बंद.

तर झालं असं की एका संध्याकाळी वळीव आला आणि तासाभरात चारदा लाईट गेली. यूपीएस आहे माझ्याकडे पण त्याची बॅटरी गेलेली, नुसता एकदा टीं करायचा आणि मशीन बंद. चौथ्यांदा बंद झालं तेव्हा मी नाद सोडला आणि झोपले. सकाळी चालू केलं तर डेस्कटॉप आला, पण स्टार्टचं बटण दाबलं की काहीच नाही, सेटिंग उघडून लगेच मिटायचं, आणि कोरल चालू करायला गेले तर चौकट आली की एमएसव्हीसीपी१४० डॉट डीएलएल सापडत नाही. माझा भाचा म्हणाला मावशी ती फाईल नेटवर मिळते, डाऊनलोड करून टाकू. नशीब, त्या दिवशी घरचं नेटच चालत नव्हतं.

आधी घराजवळच्याच एका दुकानात नेलं. त्यांचं नाव घेत नाही, भांडण नाहीये माझं. त्यांनी चालू केलं, पाच मिनिटं पण बघितलं नाही, म्हणाले विंडोज करप्ट झालंय मॅडम, फॉरमॅट मारावं लागतंय, तसंही दहा बंद झालंय, अकरा टाकून देतो, ८०० रुपये. मी विचारलं डाटाचं काय, तर "डी ड्राईव्हला असेल तर राहतो की". माझे फॉन्ट सी मध्ये, गिऱ्हाईकांचं चालू काम डेस्कटॉपवर, म्हणजे ते पण सी मध्येच. काय गेलंय, कशामुळे गेलंय, हा प्रश्नच त्यांना पडला नाही याचं मला खूप वाईट वाटलं. मशीन उचललं आणि घरी आले.

मग ज्यांच्याकडे मी छपाईला देते त्या प्रेसवाल्या काकांनी हे दुकान सांगितलं. अशोक चौकाकडून आत गल्लीत आहे, दोन्हीकडे लूमची खटखट, बोर्ड लहान आहे आणि उन्हाने पार उडालाय, चुकण्याची शक्यता जास्त. मालक आणि त्याचा पोरगा आपसात तेलुगूत बोलतात, आपल्याशी मराठीत. मालक मला पहिल्यापासून अक्का म्हणाला. मशीन टेबलावर ठेवायच्या आत त्याने विचारलं, कधीपासून होतंय, त्याच्या आधी लाईट गेलती का, आणि बॅकअप आहे का. तिसऱ्याचं उत्तर नाही असं होतं. तो म्हणला, मग आधी ते.

आणि हीच गोष्ट मला सगळ्यात आवडली. त्याने माझं मशीन चालूच केलं नाही, कॅबिनेट उघडून हार्डडिस्क काढली, स्वतःच्या मशीनला लावली आणि आधी डिस्कची तब्येत बघितली. स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं, रिअलोकेटेड सेक्टर शून्य, पेंडिंग सेक्टर शून्य, म्हणजे डिस्कवर खराब झालेली जागा नाही. म्हणला, हे आकडे वाढलेले असते तर मी दुरुस्तीला हातच लावला नसता, कारण मरायला लागलेल्या डिस्कवर दुरुस्ती चालवली की ती अजून लवकर मरते, तिच्यातनं आधी डाटा काढायचा आणि डिस्कच बदलायची. मग माझ्याच एक्स्टर्नल डिस्कवर डेस्कटॉप, डॉक्युमेंट, आणि न सांगता विंडोजच्या आतला फॉन्टचा फोल्डर पण कॉपी केला. "पत्रिका करता म्हणल्यावर फॉन्ट लागणार की अक्का." मला रडू यायचं बाकी होतं.

रॅम पण तपासली त्याने. मला कळेना फाईली गेल्यात तर रॅमचा काय संबंध, तर म्हणला रॅम खराब असली तर दुरुस्त केलेली फाईल लिहितानाच परत बिघडते, मग रात्रभर केलेलं काम पाण्यात. ती चांगली निघाली. मग चेकडिस्क, म्हणजे डिस्कवरच्या फाईलींची मांडणी तपासणारी विंडोजची कमांड, ती पण साधी, एफवाली. आरवालं लावलं तर अख्खी ५०० जीबी वाचत बसतं, काही तास जातात, सेक्टर चांगलेत तर कशाला. त्यात फाईल सिस्टीमच्या चुका निघाल्या, त्या तिथेच दुरुस्त झाल्या, आणि कारण लाईट जाणं हेच होतं हे पण तेव्हाच जवळपास नक्की झालं.

त्यानंतर त्याने कमांड द्यायची काळी खिडकी उघडून एसएफसी स्कॅननाऊ, म्हणजे विंडोजच्या फाईली तपासणारी कमांड, चालवली. मी शेजारी स्टुलावर बसून बघत होते. पंधरा-वीस मिनिटांनी १०० टक्के झालं आणि खाली आलं की खराब फाईली सापडल्या, पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत. मला वाटलं संपलं आता, फॉरमॅट. तो म्हणला थांबा, अजून सुरुवातच आहे, आणि समजावून सांगितलं ते इथे लिहिते कारण असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. विंडोज स्वतःच्या फाईलींची जादा प्रत विनएसएक्सएस नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. एसएफसी काय करतं, चालू फाईल त्या साठ्याशी ताडून बघतं आणि बिघडलेली असली की तिथली चांगली आणून बसवतं. पण साठाच बिघडला असला तर ते आणणार कुठनं? "जेकार्डचं कार्डच फाटलंय अक्का, मग लूमवर कितीदा विणलं तरी डिझाईन चुकणारच की." लूमला डिझाईन सांगणारं भोकांचं कार्ड ते, घरात चादरीचे लूम बघितलेल्या माणसाला याहून सोपं काय सांगायचं. आधी कार्ड नीट करायचं, मग विणायचं. ते कार्ड नीट करणारी कमांड म्हणजे डिझम, त्यातलं रिस्टोअरहेल्थ. खरं तर डिझम आधी आणि एसएफसी नंतर हाच बरोबर क्रम, पण किती बिघडलंय याचा अंदाज यावा म्हणून तो एसएफसी एकदा आधी फिरवतो म्हणे.

डिझम ६२ टक्क्यांवर जाऊन थांबलं. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, आकडा हलेना. त्याचा पोरगा म्हणाला थांबतंच ते तिथं, बंद नका करू, खूप लोक इथंच घाबरून बंद करतात आणि अजून घोळ होतो. शेवटी पुढे सरकलं पण एरर देऊन थांबलं, सोर्स फाईली मिळाल्या नाहीत म्हणून. म्हणजे ते चांगल्या फाईली नेटवरून मायक्रोसॉफ्टकडून आणायला गेलं आणि मिळाल्या नाहीत. मग त्याने ड्रॉवर उघडला, त्यात पेन ड्राईव्हचा ढीग आणि प्रत्येकावर पांढरी पट्टी चिकटवून पेनने लिहिलेलं, दहा २१एच२, दहा २२एच२, अकरा अमुक, अकरा तमुक. माझं २२एच२ प्रो. गडबडीत पोराने जुना लावला तर डिझमने घेतलाच नाही, तंतोतंत तेच व्हर्जन लागतं. बरोबरच्या पेन ड्राईव्हमध्ये पण एकाच मोठ्या फाईलीत होम, प्रो सगळे एकत्र असतात, त्यातला आपला नंबर कितवा ते आधी बघावं लागतं, तो नंबर कमांडमध्ये द्यावा लागतो. हे सगळं करून परत चालवलं आणि या वेळी पूर्ण झालं. मग परत एसएफसी, आणि आता खाली आलं की खराब फाईली सापडल्या आणि दुरुस्त झाल्या. रिस्टार्ट केलं, स्टार्टचं बटण दाबलं, मेन्यू उघडला!

कोरल मात्र अजून तेच म्हणत होतं, एमएसव्हीसीपी१४० नाही. इथे मला भाच्याची आठवण झाली, मी विचारलं ही नेटवरून टाकायची का. त्याने हातच जोडले. ही फाईल विंडोजच्या त्या साठ्यातली नाहीच, म्हणून एसएफसी तिला आणत नाही, ती व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या पॅकेजमधून येते, ते पॅकेज मायक्रोसॉफ्ट फुकट देतं, तेच परत टाकायचं. सुटी डीएलएल देणाऱ्या साईटवरून आणली तर ती कुठल्या व्हर्जनची, आत काय घातलंय, काही भरवसा नाही. आणि एक बारीक गोष्ट, माझं विंडोज ६४ बिट असलं तरी कोरल जुनं, ३२ बिटचं, त्यामुळे ३२ वालं पॅकेज लागतं, नुसतं ६४ वालं टाकलं तर एरर जात नाही. त्याने दोन्ही टाकली. कोरल उघडलं, मी घाईघाईने कालची अर्धवट पत्रिका काढली, वरचं "श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न" जसंच्या तसं, एक काना हललेला नाही.

हे झालं नसतं तर काय केलं असतं हे पण त्याने सुरुवातीलाच सांगितलं होतं, त्यामुळे मनात धाकधूक राहिली नाही. पुढचा टप्पा म्हणजे विंडोज चालू असतानाच त्याच्यावरून विंडोज टाकायचं, फाईली आणि प्रोग्रॅम ठेवून. पेन ड्राईव्हवरून बूट करून टाकलं तर प्रोग्रॅम राहत नाहीत, आतूनच सेटअप चालवावं लागतं. ते पण नाही जमलं तर फॉरमॅट, आणि व्हायरस असला तर मात्र तो दुरुस्ती करत बसत नाही, सरळ फॉरमॅट. लॅपटॉप आणणाऱ्यांना तो आधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, आहे का विचारतो, असलं तर ४८ आकडी रिकव्हरी की हातात असल्याशिवाय काम घेत नाही. माझ्यासमोर एका कॉलेजच्या पोराला त्याने परत पाठवलं, घरी जाऊन मायक्रोसॉफ्टच्या अकाऊंटमधून की काढून आण म्हणून.

विंडोज दहाबद्दल मी विचारलंच. मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं आहे, पण त्याचा आणि माझ्या फाईली जाण्याचा संबंध नाही. आणि माझा प्रोसेसर इंटेलचा सहाव्या जनरेशनचा, अकराला मायक्रोसॉफ्ट आठव्यापासून पुढचे मागतं, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी. म्हणजे त्या पहिल्या दुकानातून अकरा घेतलं असतं तर जुगाड करूनच टाकलेलं असतं, आणि ते मला सांगितलं पण नसतं. याने सांगितलं, मशीन जुनं झालंय, लग्नसराई संपल्यावर नवीनचं बघा, तोवर बँकेचं काम यावर नका करू.

आता जे आवडलं नाही ते. फोन उचलत नाहीत, मी सहा वेळा लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ला या म्हणला, मी सैफुलहून रिक्षा करून गेले तर काम चालूच होतं, दीड तास बसले, आणि त्या पत्र्याखाली एप्रिलमध्ये दीड तास म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको. गाडी लावायला जागा नाही. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, दिलं ते पण वहीच्या कागदावर. घरी आल्यावर बघितलं तर डिफॉल्ट प्रिंटर बदललेला, दहा पत्रिका भलत्याच ट्रेला गेल्या, हे तपासून द्यायला पाहिजे होतं.

पैसे ६५० घेतले, दोन दिवसांच्या कामाचे. आधीच सांगितलेलं की फॉरमॅटच मारावं लागलं तरी तेवढेच घेणार, जास्त नाही. यूपीएसची बॅटरी पण त्याच्याकडूनच बदलली, १२ व्होल्ट ७ एएचची, त्याचे वेगळे. बॅटरी बसवल्यावर त्याने माझ्यासमोर भिंतीतली पिन काढून दाखवली, मशीन चालू राहिलं, यूपीएस वाजत राहिला, "एवढ्या वेळात सेव्ह करून बंद करायचं, काम करत बसायचं नाही" म्हणला.

जाणार असाल तर दुपारी १ ते ४ जाऊ नका, बंद असतं. मॉनिटर, कीबोर्ड काही न्यायची गरज नाही, नुसता सीपीयू न्या. डोंगल असेल तर ते मात्र न्या, नाहीतर सॉफ्टवेअर उघडून तपासता येत नाही. आणि रिकामी एक्स्टर्नल डिस्क स्वतःची न्या, त्यांच्याकडची दिली तर परत द्यायला अजून एक चक्कर पडते.