पुस्तकांचं गाव आणि पाण्याचं गाव

पाचगणीजवळचं भिलार मे २०१७ मध्ये ‘पुस्तकांचं गाव’ झालं. घराघरांत पुस्तकं मांडली गेली, वाचक मुक्कामाला येऊ लागले. छानच झालं! ओस पडणारी गावं अशानेच पुन्हा भरतील, असं काहींना वाटतं. पण स्ट्रॉबेरीची शेती, म्हणजे कमाईचं साधन, तिथे आधीपासून होतं, हे विसरू नये.

गाव सोडून गेलेली माणसं परत आणायची, तर मला अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची वाट जास्त पटते. सरपंच पोपटराव पवारांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात तिथे डोंगरउतारावर चर खोदले, बंधारे बांधले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आली, शेतीसाठी बोअरवेल बंद. दरवर्षी पाऊस मोजायचा, त्यावर पिकं ठरवायची, ऊस नकोच. विहिरी भरल्या, दूध वाढलं आणि पोटासाठी शहरात गेलेली कुटुंबं जाहिरातीविना घरी परतली.