दोन फासे, छत्तीस घरे: दांडिया बाजारातील संख्याशास्त्राची शिकवणी

माझी मुलगी वडोदऱ्यात बी.एस्सी.ला संख्याशास्त्र शिकते. दोन यादृच्छिक चलांच्या (ज्यांची किंमत योगायोगावर ठरते अशा राशींच्या) संयुक्त संभाव्यतेची, म्हणजे दोन्हींच्या ठरावीक किमती एकदम येण्याच्या शक्यतेची, सूत्रे पाठ असूनही तिला उदाहरणे सुटत नसत, म्हणून दांडिया बाजारात एक सर घरी शिकवणी घेतात, तेथे तिला पाठवले आणि सरांच्या परवानगीने पहिले काही तास मीही मागे बसलो.

सर सूत्राने सुरुवात करत नाहीत, हे मला सर्वांत मोलाचे वाटले. पहिल्या फाशावरचा आकडा म्हणजे एक्स आणि दोन्ही फाशांतील मोठा आकडा म्हणजे वाय असे ठरवून त्यांनी ओळींत एक्स आणि स्तंभांत वाय घेऊन ३६ शक्यतांचे कोष्टक मुलांकडूनच भरून घेतले. एक्स ४ असेल तर वाय ४ पेक्षा लहान असूच शकत नाही, म्हणून त्या ओळीतील पहिली तीन घरे शून्य. वाय नेमका ४ येण्यासाठी दुसऱ्या फाशावर १ ते ४ यांपैकी काहीही चालते, म्हणून तेथे ४/३६. उरलेल्या दोन घरांत प्रत्येकी १/३६. ओळीची बेरीज १/६, तर वाय ४ च्या स्तंभाची ७/३६. ओळीच्या आणि स्तंभाच्या या बेरजा म्हणजे सीमांत संभाव्यता; चले स्वतंत्र, म्हणजे एकमेकांवर परिणाम न करणारी, असती तर घरात त्यांचा गुणाकारच आला असता. तो गुणाकार ७/२१६ येतो, घरात मात्र ४/३६ म्हणजे २४/२१६ आहेत; तेव्हा ही चले स्वतंत्र नाहीत, हे माझ्या मुलीने स्वतःहून सांगितले. आजवर ती प्रत्येक उदाहरणात डोळे मिटून गुणाकारच करत आली होती. वाय ४ आहे हे कळल्यावर एक्सही ४ असण्याची संभाव्यता ४/७, हेही त्याच स्तंभातून तिने काढले.

वर्गात गुजराती मुलेही असल्याने सर प्रत्येक पायरी दोन्ही भाषांत सांगतात; वेळ जातो, पण पायरी पक्की होते.

सलग चलांना, म्हणजे एखाद्या टप्प्यातील कोणतीही किंमत घेऊ शकणाऱ्या चलांना, मात्र न्याय मिळाला नाही. एक्स शून्याहून मोठा, वाय एक्सहून मोठा आणि एकाहून लहान, या त्रिकोणी भागात घनता (संभाव्यता किती दाट पसरली आहे ते) सर्वत्र २, या उदाहरणात सरांनी आकृती न काढताच एक्सची सीमांत घनता, म्हणजे एकट्या एक्सची घनता, २(१−एक्स) लिहून दिली. ती काढताना वायचे संकलन (इंटिग्रेशन) शून्यापासून न करता एक्सपासून का करायचे, हे त्रिकोण समोर असल्याशिवाय नवशिक्याला दिसत नाही. आम्ही घरी तो काढून त्यात उभी रेघ ओढली, तेव्हा उलगडा झाला. तो तास आकृतीसह पुन्हा घ्यावा, अशी विनंती मी सरांना केली आहे.