येझदीला इम्पल्सचा शॉकअप : आठ महिन्यांनंतर

गेल्या रविवारी सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावाकडून आलो, गाडी लावली आणि बघतो तर पुढच्या शॉकअपच्या डाव्या पाइपावर ऑइलचा ओघळ. चौथ्यांदा! शिव्या घालायच्या म्हणूनच लिहायला बसलो होतो.

गाडी ८४ ची येझदी रोडकिंग मोटरसायकल, मडगार्ड कापलेली, बटन टायरवाली. काळ्या रानातल्या चाकोरीत मूळ शॉकअप दर खड्ड्याला खाली आपटायचा. म्हणून इम्पल्सचा (२०११ ला आलेली हिरोची गाडी) लांब शॉकअप भंगारातून चाक-डिस्कसकट ५,५०० ला उचलला. बसवायला फार त्रास झाला नाही. इम्पल्सच्या खालच्या टीमधला (टी म्हणजे दोन्ही पाइप धरणारा आडवा तुकडा) दांडा प्रेसवर काढून तिथं येझदीचा घातला. मधल्या फटीला लागणारं बुश लूमचे पार्ट करणाऱ्या लेथवाल्यानं एका दुपारात करून दिलं. कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) मूळचाच, सुट्या छर्ऱ्यांचा. पुढून गाडी उचलली गेल्यानं साइड स्टँड तोकडा पडला, त्याला दोन इंच तुकडा वेल्ड केला.

दुखणं सगळं ऑइल सीलचं, म्हणजे पाइपाभोवती बसून ऑइल आत धरणाऱ्या रबरी रिंगचं.

पाइपावर गंजाचे बारीक खड्डे होते. नवे घ्यायचे तर पैसे जातात, म्हणून हार्ड क्रोम करून घेतलं, जोडीला १,४००. पाइप आले ते आरशासारखे. क्रोमवाला म्हणाला, "डोळे झाकून चालवा मालक." पंधरा दिवसांत डावा गळला. सील बदललं. तीन आठवड्यांत दोन्ही गळले. सील विकणाऱ्याशी भांडलो, डुप्लिकेट माल देतो म्हणून चार लोकांत बोललो. त्याची इथंच माफी मागतो.

कारण तिसऱ्या वेळी लेथवाल्यानं पाइपाला मायक्रोमीटर (जाडी मोजायचं बारीक माप) लावला. क्रोम झालेला भाग वरच्या जुन्या भागापेक्षा ०.०७ मिलिमीटरनं जाड! क्रोमवाल्यानं जुना थर न काढता, खड्डे न घासता वरूनच मुलामा दिला होता आणि नंतर ग्राइंडिंगऐवजी नुसतं बफ मारलं होतं. असा पाइप सीलचा ओठ (पाइपाला टेकणारी रबराची कड) खात बसतो. वर माझ्या मेकॅनिकनं पॉलिश पेपर उभा मारलेला, म्हणजे ऑइलला बाहेर यायला पाटच काढून दिले. पेपर मारायचाच तर आडवा, गोल फिरवून.

दुसरीकडे जुनं क्रोम उतरवून, ग्राइंड करून, परत क्रोम आणि परत मापाला ग्राइंड, याचे २,६०० गेले. म्हणजे पैसे वाचवायला गेलो... जाऊ द्या. पाइप सरळ आहे का तेही आधीच बघायला हवं होतं. टेबलाच्या काचेवर लोळवला की वाकडा पाइप लगेच डुलतो. फुकटची तपासणी आहे. सुदैवानं माझे सरळ निघाले.

मेकॅनिकनं अंदाजानं ओतलेलं २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल काढून १०डब्ल्यू फोर्क ऑइल (खास शॉकअपचं) भरलं. स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण दाबलेला, मग वरून पट्टीनं दोन्हीकडची पातळी सारखी केली. स्प्रिंग आधीच थोडी दाबलेली राहावी म्हणून तिच्यावर पीव्हीसी पाइपाचा १५ मिलिमीटर तुकडा टाकला. त्यानंतरची गाडी वेगळीच आहे. तुळजापूर रोडवरून आत वळलं की नांगरलेल्या ढेकळांत हँडल हातात राहतं, ब्रेकला नाक बुडत नाही. हे आधीच सांगायला हवं होतं, पण माझं सगळं लक्ष त्या थेंबाकडे.

तर रविवारचा ओघळ. परत खोलायचं, परत सील, या विचारानं डोकं फिरलं होतं. लेथवाला फोनवर म्हणाला, "खोलू नका. घरात जुना एक्स-रे आहे का?"

डस्ट सील (ऑइल सीलवरचं धूळ अडवणारं रबर) स्क्रू ड्रायव्हरनं अलगद वर सरकवायचं. एक्स-रेच्या फिल्मची बोटभर पट्टी कापून कोपरे गोल करायचे (नाहीतर ओठ फाटेल), टोकाजवळ हुकासारखी खाच. ती पाइप आणि ऑइल सीलच्या मधे घालून गोल फिरवत वर ओढायची. तलावाकाठची काळी माती, दोन दाणे, अक्षरशः दोन, पट्टीला चिकटून आले. शॉकअप दहा-बारा वेळा दाबला, पुसला. आज पाचवा दिवस, पाइप कोरडा.

खर्च शून्य. फक्त तो एक्स-रे आबांच्या गुडघ्याचा होता, आणि सोमवारी त्यांना डॉक्टरकडे तो घेऊन जायचंय.