आठवड्याला एकच सामना: बायकांचा फुटबॉल बघायचा की पुरुषांचा?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात टीव्ही एकच, आणि फुटबॉलच्या वाट्याला आठवड्यात एकच सामना येतो. भाची अकरा वर्षांची, नुकतीच शाळेच्या संघात आलेली. तिला काय दाखवू, असं तिच्या आईने विचारलं. तुमच्याही घरी हाच प्रश्न असेल, तर दोन्ही खेळ बघून माझं काय मत झालं ते सांगते.

वेगात पुरुषांचा खेळ पुढे आहे, यात वाद नाही. फटका जोरकस, धाव लांब, हेडरसाठीची, म्हणजे डोक्याने चेंडू मारायची, झुंज दणकट. दिवसभराच्या कामानंतर तुम्हाला तोच थरार हवा असेल, तर खुशाल इंग्लंडमधल्या पुरुषांची प्रीमियर लीग लावा.

पण वेग म्हणजेच दर्जा, हे मला पटत नाही. 31 जुलै 2023 ची दुपार, साडेबारा वाजलेले, बायकांच्या विश्वचषकात जपान विरुद्ध स्पेन. चेंडू बहुतेक वेळ स्पेनच्याच पायात. जपानच्या मुली आपल्या अर्ध्यात रांग धरून शांत उभ्या. बाराव्या मिनिटाला डावीकडून एंदोचा पास निघाला आणि मियाझावा बचावफळीच्या मागच्या मोकळ्या जागेत शिरली. गोल! भाची म्हणाली, "मावशी, ती आधीच पळायला लागली होती!" चेंडूकडे न बघता जागा बघायची, हे तिला त्या एका गोलने शिकवलं. जपान 4-0 ने जिंकला. पुढे विश्वचषक मात्र त्याच स्पेनने नेला. पुरुषांच्या सामन्यात अशी चाल इतक्या झपाट्याने होऊन जाते, की नवख्या डोळ्यांना शेवटचा फटकाच दिसतो.

2023 मध्येच झ्युरिक विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. गोलांच्या चित्रफितीत खेळाडू स्त्री की पुरुष हे कळू नये इतके धूसर केले, तेव्हा बघणाऱ्यांनी दोन्हींना सारखेच गुण दिले. खेळाडू स्पष्ट दिसत होते, तेव्हा मात्र पुरुषांना जास्त. निवडक गोल म्हणजे अख्खा सामना नव्हे, हे खरं. तरी आपल्या नजरेतला पूर्वग्रह त्यात दिसतोच.

गोलरक्षणावर सगळ्यात जास्त टीका होते. गोलपोस्ट दोघांनाही तोच, 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच. कमी उंचीच्या गोलकीपरला वरच्या कोपऱ्यातला चेंडू अवघड जाणारच. पण 2023 च्या अंतिम सामन्यात इंग्लंडची गोलकीपर मेरी अर्प्सने पेनल्टी अडवली, ती बघून कुणी नाक मुरडेल असं मला वाटत नाही.

बायकांच्या खेळातली खरी उणीव वेगळी आहे: संघांमधली दरी. 2019 च्या विश्वचषकात अमेरिकेने थायलंडला 13-0 ने हरवलं. असा सामना मुलीला दाखवू नका, कंटाळेल. या दरीमागे इतिहासही आहे. 1920 मध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांच्या सामन्याला 53,000 लोक आले होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांची मैदानं बायकांना बंद केली, ती जवळपास पन्नास वर्षं. इतका काळ मैदानच मिळालं नाही, तर खेळ वाढणार कुठे?

प्रेक्षक येत नाहीत, हे तर आता कुणी म्हणूच नये. 2022 मध्ये बायकांच्या बार्सिलोना-वोल्फ्सबर्ग सामन्याला बार्सिलोनाच्या कँप नो मैदानावर 91,648 लोक होते. आणि आपण बडोदेकरांनीही फेब्रुवारी 2025 मध्ये कोटंबीच्या स्टेडियमवर बायकांच्या क्रिकेटमध्ये 200 च्या वरचं लक्ष्य पार होताना पाहिलंच आहे.

भारताचं म्हणाल, तर आपल्या मुली 2026 च्या आशियाई चषकासाठी पात्र ठरल्या, तेही थायलंडला त्यांच्याच देशात हरवून. पुरुषांचा संघ 2027 च्या चषकाला मुकला.

म्हणून घरात शिकणारं मूल असेल किंवा खेळ तुम्हालाच नवा असेल, तर बायकांचा सामना निवडा, पण चॅम्पियन्स लीगची (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) बाद फेरी किंवा मोठ्या स्पर्धेतला. 2025 च्या अंतिम सामन्यात आर्सेनलने बार्सिलोनाला 1-0 ने हरवलं, तसला. साखळीतला कुठलाही सामना लावू नका. आमच्याकडे पुरुषांचा सामना महिन्यातून एकदा लागतो, सेवउसळ आणली की. बाकीचे रविवार भाचीचे.