खासबागेजवळची खानावळ: पावसाळा ते उन्हाळा जेवल्यानंतर

कोल्हापुरात मटण खानावळीची परीक्षा तांबड्या रश्श्यावर करू नये, पांढऱ्यावर करावी. गेल्या पावसाळ्यापासून मी या छोट्या खानावळीत नेमानं जेवतोय आणि माझं हे मत तिथं आणखी पक्कं झालंय.

भवानी मंडपातून बाहेर पडायचं आणि खासबागेकडं चालत यायचं. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलेलं कुस्तीचं मैदान, शेजारी ऑगस्ट २०२४ च्या आगीत जळालेलं केशवराव भोसले नाट्यगृह. तिथून जाताना अजून पोटात कालवतं. पुढं एका बोळात, जुन्या घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, मोजकी टेबलं मांडलीत. गाडी आत आणू नका, वळत नाही.

आता पांढऱ्याबद्दल. मटणाचं अळणी पाणी, म्हणजे तिखट न घालता मटण शिजवलेलं पाणी, त्यात खसखस, तीळ, काजूचं वाटण आणि नारळाचं दूध. चटणी (आमच्याकडं तिखट मसाल्याला चटणीच म्हणतात) नाही, रंग नाही, म्हणजे काही झाकायची सोयच नाही. मटण शिळं असेल तर पहिल्या घोटाला कळतं. दूध घातल्यावर आच जास्त झाली तर रस्सा फुटतो. हल्ली बऱ्याच ठिकाणी काजू वाढवून तो दाट करतात, मग दुसरी वाटी जात नाही. इथला पातळ असतो, आल्याचा हलका चटका लागतो आणि मिरी-लवंगेची ऊब नंतर घशात राहते. "आधी पांढरा प्या, भाकरी मग मोडा," असं मावशी नव्या माणसाला आवर्जून सांगतात. त्यांचं ऐका. तांबड्यानं जीभ पेटली की पांढऱ्यातलं काही कळत नाही.

तांबडाही चांगलाच. चटणी घरची, डंकावरून म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीतून करून आणलेली: ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी तिखटाला. उन्हाळा लागता लागता जुनी चटणी संपत आली तेव्हा रश्श्याचा वास थोडा उतरला होता. नवी चटणी आली आणि त्या आठवड्यात बोळाच्या तोंडापासूनच भूक लागायला लागली. एकदोनदा जेवून हा फरक ध्यानात येत नाही.

कमी आहे ती सुक्क्यात. रविवारी गर्दी वाढली की ते घाईनं उतरवतात आणि पालव्याचं, म्हणजे कोवळ्या बकऱ्याचं मटण असूनही एखादा तुकडा चिवट निघतो. दुपारी दोननंतर भाकरीही तव्यावरची मिळेलच असं नाही. नवरात्रात आणि जोडून सुट्ट्या आल्या की अंबाबाईला येणाऱ्या भाविकांमुळं हा सगळा भाग भरलेला असतो, तेव्हा मी तिकडं फिरकत नाही. बुधवार किंवा शुक्रवार, साडेअकरा-बारा, ही वेळ उत्तम. तुम्ही श्रावण पाळत नसाल तर त्या महिन्यात जरूर जा. टेबलं मोकळी असतात आणि मावशींना बोलायला सवड असते.

ताटाचा दर मधे एकदा वाढला. पण दोन्ही रस्से अजून मागाल तितके वाढतात आणि वाटी रिकामी दिसली की न विचारता भरतात. बरोबर लहान मुलं किंवा तिखट न चालणारी वडीलधारी माणसं असतील तर अळणी मागा. ताटाच्या फळ्यावर लिहिलेलं नाही, पण मागितलं की देतात.

पार्सल न्यायचं तर सुक्कं आणि तांबडा न्या. पांढरा घरी नेऊन गरम केला की बहुतेक वेळा फुटतो, तो तिथंच बसून प्या.